सोमालियाच्या नव्या पंतप्रधानाला चार गोष्टी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या पगाराचे आणि बोनसचे तंटे सोडविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने सोमालियाच्या पंतप्रधानाला उपदेश करावा, हे वरवर पाहता हास्यास्पदच आहे. तो पंतप्रधान काही माझा सल्ला विचारायला आलेला नाही. परंतु एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांची समिती बनविणे, आणि ती समिती मोडू न देता तिच्याकडून काम करून घेणे, हा माझा रोजचा धंदा आहे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. त्या शिक्षणाच्या जोरावर आजचा विषय उलगडून पाहण्याचा माझा विचार आहे.

सोमालिया आपल्याला वाटतो तितका दूर नाही. अरबी समुद्राचे एक पाणी मुंबईला लागते, दुसरे सोमालियाला. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले आणि पोलिसांच्या हवाली केले. किनाऱ्यावर सरकार नसले म्हणजे समुद्रावर काय होते, हे त्या दिवशी मुंबईच्या धक्क्यावर दिसले. म्हणून तिथे सरकार कसे बनते आणि का मोडते, हे समजून घेण्यात आपलाही स्वार्थ आहे.

प्रथम कायदा पाहू. २०१२ च्या हंगामी राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाची नेमणूक करतो. पंतप्रधानाने तीस दिवसांत मंत्रिमंडळ बनवायचे आणि लोकप्रतिनिधींच्या सभागृहापुढे विश्वासमताला उभे राहायचे. ऐकायला हे सोपे आहे. परंतु २००० सालापासून २०२२ पर्यंत, हंगामी माणसे सोडली तर, पंतप्रधानाच्या चौदा नेमणुका झाल्या. त्यांपैकी पहिल्या तेरांचा हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला सरासरी वीस महिनेच येतात. आमच्याकडे युनियनचा सेक्रेटरी वीस महिन्यांत बदलला तर त्याला कामगारांची तोंडओळखही पुरती झालेली नसते. मग राज्य चालविणाऱ्याचे काय होत असेल?

हा रोग कालपरवाचा नाही. उत्तरेकडचा ब्रिटिश मुलूख आणि दक्षिणेकडचा इटलीच्या देखरेखीखालचा मुलूख मिळून १ जुलै १९६० रोजी सोमाली प्रजासत्ताक जन्माला आले. भाषा एक, धर्म एक. आफ्रिकेतल्या फार थोड्या नव्या राष्ट्रांना असे भाग्य लाभले होते. निवडणुका होत होत्या. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आदेन अब्दुल्ला ओस्मान निवडणुकीत हरले आणि मुकाट्याने घरी गेले. पण आतून वाळवी लागलेली होती. मार्च १९६९ च्या निवडणुकीत १२३ जागांसाठी साठांहून अधिक पक्ष आणि हजारभर उमेदवार उभे होते. पक्ष कसले, बहुतेक एकेका कुळीच्या पाट्या! निकाल लागला आणि विरोधी बाकांवरचे जवळजवळ सगळे सभासद सरकारी पक्षाकडे धावले. का? तर मंत्रिपद, परवाना आणि कंत्राट त्या बाजूला होते. विरोधात उरले ते एकटे माजी पंतप्रधान अब्दिरिझाक हाजी हुसेन.

पुढे १५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष शेरमार्के यांचा गोळी घालून खून झाला, आणि २१ ऑक्टोबरला सेनापती सियाद बर्रे यांनी सत्ता घेतली. लोक हळहळले नाहीत, कारण जे सरकार गेले ते आपले होते असे त्यांना वाटतच नव्हते. बर्रे यांची राजवट जानेवारी १९९१ मध्ये कोसळली, आणि तिच्याबरोबर राज्यच कोसळले. उत्तरेचा सोमालीलँड मे १९९१ मध्ये वेगळा झाला. त्याचा कारभार आजही वेगळाच चालतो, जरी जगातल्या बहुतेक देशांनी त्याला मान्यता दिलेली नाही.

आता कुळीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही समजणार नाही. सोमाली माणसाची कुळी म्हणजे आपली जात नव्हे. तिच्यात उच्चनीचपणापेक्षा वंशावळीचा भाग मोठा. दारोद, हाविये, दिर आणि रहनवेन ही चार मोठी कुळे. त्यांच्या शाखा, उपशाखा. एखाद्याच्या हातून खून झाला तर भरपाई एकटा खुनी देत नाही, त्याची उपशाखा मिळून देते. हे ठरविणारा जो परंपरेचा कायदा त्याला ते 'हेर' म्हणतात. आपल्या मराठीतल्या हेराशी त्याचा काही संबंध नाही. जिथे पोलीस नाही, कचेरी नाही, विमा नाही, तिथे कुळी हाच माणसाचा विमा आहे. म्हणून शहरात बसून तिला नावे ठेवणे सोपे आहे. ज्या माणसाला रात्री घर राखायला दुसरे कोणी नाही, तो भाऊबंदकी सोडणार कशी?

२००० साली जिबुतीमधल्या आर्ता गावी जी परिषद भरली, तिने यावर एक तोडगा काढला. तो 'साडेचारचे सूत्र' या नावाने प्रसिद्ध आहे. चार मोठ्या कुळांना सारखा वाटा आणि उरलेल्या सगळ्या लहान समाजांना मिळून अर्धा वाटा. पुढे २७५ जणांचे सभागृह झाले, त्यात प्रत्येक मोठ्या कुळाला ६१ जागा, म्हणजे २४४; आणि उरलेल्यांना ३१. मंत्रिपदांची वाटणीही याच मापाने. शिवाय एक अलिखित नियम असा की, राष्ट्राध्यक्ष हाविये असेल तर पंतप्रधान दारोद, आणि राष्ट्राध्यक्ष दारोद असेल तर पंतप्रधान हाविये. २००० सालापासून २०२२ पर्यंत हा नियम एकदाही मोडला गेला नाही. लहान समाजांवर या सूत्राने उघड अन्याय केला आहे. तरीपण बंदुका खाली ठेवून एका खोलीत बसण्याची ती किंमत होती, हेही विसरता येत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून आता माझ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. मंत्र्यांची यादी करण्याआधी पंतप्रधानाने राष्ट्राध्यक्षाशी आपला करार करावा, आणि तो कागदावर करावा. सोमालियाचे पंतप्रधान बहुधा विरोधकांनी पाडलेले नाहीत. ते ज्यांनी नेमले त्यांच्याशीच बिनसल्याने पडले आहेत. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुल्लाही युसुफ यांनी पंतप्रधान नूर हसन हुसेन यांना काढण्याचा प्रयत्न केला. संसद पंतप्रधानाच्या बाजूने उभी राहिली आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनाच जावे लागले. डिसेंबर २०१३ मध्ये अब्दी फारा शिर्दोन गेले. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर २०१४ मध्ये, मंत्र्यांची खाती कोणी बदलायची या भांडणात अब्दिवेली शेख अहमद गेले. जुलै २०२० मध्ये हसन अली खैरे यांना १७० विरुद्ध ८ मतांनी काढण्यात आले. राष्ट्राध्यक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, भांडण तेच राहिले.

मार्च २०२४ मध्ये संसदेने घटनेची पहिली चार प्रकरणे बदलली आणि पंतप्रधानाला काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिला. पुंटलंडने ही दुरुस्ती मानली नाही. म्हणजे करार तोंडी ठेवण्याची सोय आता मुळीच उरली नाही. मंत्री कोण नेमणार व कोण काढणार, फौजेला हुकूम कोण देणार, तिजोरीच्या कागदावर सही कोणाची, आणि घटक राज्यांशी बोलणार कोण, एवढी चार कलमे पहिल्या आठवड्यात लिहून घ्यावीत. ज्याला ही चार कलमे मिळत नाहीत त्याने पद घेऊ नये. मालकाशी तोंडी समझोता करून संप मागे घेणारा पुढारी पुढल्या महिन्यात काय तोंड दाखवितो, ते आम्हाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट मंत्रिमंडळाची. फर्माजो या नावाने ओळखले जाणारे मोहमद अब्दुल्लाही मोहमद २०१० मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी आधीच्या ३९ मंत्र्यांच्या जागी १८ नेमले. शिर्दोन यांनी २०१२ मध्ये दहाच नेमले. त्यांच्यानंतर आकडा पंचविसावर गेला. आणि २०२२ मध्ये हमझा अब्दी बर्रे यांनी राज्यमंत्री व उपमंत्री धरून ७५ जणांची यादी दिली. या आकड्यांत सगळा पेच आहे. मंडळ लहान ठेवले तर ज्यांना जागा नाही ते सभागृहात सूड घेतात. मोठे केले तर खुर्च्या भरतात आणि काम कोणाचे ते कळत नाही.

माझ्या मते पंतप्रधानाने साडेचारच्या सूत्राशी पहिल्याच दिवशी कुस्ती खेळू नये. पण सूत्राचा अर्थ मात्र आपल्या हाती ठेवावा. कुळीला वाटा मिळेल. कोणता माणूस, हे कुळी एकटी ठरविणार नाही. प्रत्येक वाट्यासाठी वडीलधाऱ्यांकडून तीन नावे मागवावीत आणि त्यांतून एक आपण निवडावे. अर्थ, गृह, संरक्षण आणि न्याय ही चार खाती वाटाघाटीच्या चटईवर आणूच नयेत. आमच्या युनियनच्या कार्यकारिणीतही खात्याखात्याचा आणि गावागावाचा माणूस घ्यावा लागतो. तो घ्यावा, परंतु खजिनदार मात्र हिशेब येणारा पाहावा लागतो, तो कोणत्या गावचा हे मागाहून विचारले जाते.

इथेच स्त्रियांचा प्रश्न येतो. शिर्दोन यांच्या दहांच्या मंडळात फौजिया युसुफ हाजी आदेन या परराष्ट्रमंत्री होत्या. त्या देशात त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई. संसदेत तीस टक्के जागा स्त्रियांना देण्याचे वचन आहे, ते पुरे झालेले नाही. कुळीचे वडील म्हणतात, बाई जन्मली एका कुळीत आणि नांदते दुसऱ्या कुळीत, मग ती कोणाची म्हणायची? मला वाटते, हाच तिचा गुण आहे. दोन्ही घरांत जिला ताट मिळते, तिच्याइतका चांगला मध्यस्थ कुठे सापडणार?

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी, आणि ती पगाराची. मंत्र्यांच्या शपथविधीने सरकार बनत नाही. पहिल्या तारखेला शिपायाच्या, शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या हातात मजुरी पडली म्हणजे सरकार बनते. हे मी कामगार पुढारी म्हणून अतिशयोक्तीने बोलतो आहे असे कोणी समजू नये. आपण तिथल्या शिपायाचा महिना डोळ्यांसमोर आणा. सहा महिने पगार नाही, घरी बायकामुले आहेत, हातात बंदूक आहे. तो काय करतो? रस्त्यावर दोर बांधतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालमोटारींकडून पैसे घेतो. काही जण गोळ्या विकतात. त्या गोळ्या अखेर कोणाकडे जातात हे सांगायला नको.

आता आपल्याकडे या. उसाच्या फडावर कोयता चालविणारे जोडपे कारखान्याला ओळखत नाही, मुकादमाला ओळखते. कारण उचल मुकादमाने दिलेली असते. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर होता. कामावर घेणारा तो, काढणारा तो, अडीअडचणीला पैसे देणारा तो. मग कामगार गिरणीचा कसला, जॉबरचाच. मजुरी ज्याच्या हातून येते, निष्ठा त्याच्याकडे जाते. सोमाली फौजेत वर्षानुवर्षे हेच झाले. पगाराची रक्कम पलटणीच्या नायकाकडे जाई, तो आपल्या कुळीचा. तो आपला वाटा काढी आणि उरलेले वाटी. मस्टरवर नावे जास्त, तळावर माणसे कमी. अशी फौज देशाची कशी राहणार? एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची मुदत दोन वर्षांनी वाढविण्याचा ठराव झाला, तेव्हा मोगादिशूच्या रस्त्यांवर त्याच फौजेच्या तुकड्या कुळीप्रमाणे फुटून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ठराव मागे घ्यावा लागला आणि निवडणुकीचे काम पंतप्रधान मोहमद हुसेन रोबले यांच्याकडे सोपवावे लागले.

बरे, पैसाच नव्हता असे म्हणावे तर तसेही नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षक गटाने २०१२ मध्ये लिहून ठेवले आहे की, २००९ आणि २०१० या वर्षांत सरकारला मिळालेल्या प्रत्येक दहा डॉलरांपैकी सात डॉलर तिजोरीत पोहोचलेच नाहीत. २०१७ नंतर शिपायांची बोटांच्या ठशांनी नोंद घेऊन पगार थेट त्यांच्या बँकखात्यात भरण्यास आरंभ झाला, आणि कागदावरचे शिपाई गळू लागले. हिशेब सुधारला तशी जगात पतही सुधारली. डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियाला एकूण साडेचार अब्ज डॉलरांच्या कर्जातून मुक्तता मिळाली. ही वाट सोडता कामा नये. नव्या पंतप्रधानाने पहिल्या महिन्यात एकच जाहीर वचन द्यावे: अमुक तारखेला पगार होईल. आणि बंदराच्या जकातीचा पैसा इतर कोणत्याही खर्चाआधी त्या पगाराला लावावा.

यात राजकारणाचाही लाभ आहे. जून २०११ मध्ये कंपाला येथे राष्ट्राध्यक्ष आणि सभापती यांनी आपसांत समझोता केला. त्यात फर्माजो यांचा राजीनामा ही एक अट होती. बातमी येताच मोगादिशूत लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले, आणि त्यांत शिपाईही होते. कारण या माणसाच्या कारकिर्दीत पगार मिळू लागला होता. राजीनामा टळला नाही. पण सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत मुदतवाढीचा तो ठराव झाला, ही गोष्ट निराळी आणि तीही लक्षात ठेवण्यासारखी. मिळालेली पत खुर्ची लांबविण्यासाठी खर्च केली की ती संपते.

चौथी गोष्ट न्यायाची. अल-शबाब या सशस्त्र संघटनेचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचतो ते बाँबस्फोटांच्या संदर्भात. पण ती केवळ बाँबवर जगत नाही. ती व्यापाऱ्यांकडून कर घेते, आणि तिची न्यायालये आहेत. सरकारच्या ताब्यातल्या मुलखातले लोकसुद्धा जमिनीचा तंटा घेऊन तिकडे जातात. कारण तिथला निकाल लवकर लागतो आणि अंमलात येतो. सरकारी कोर्टात लाच देऊनही कागद हलत नाही. ज्या राज्याची प्रजा न्यायासाठी शत्रूच्या दारी जाते, त्या राज्याने फौजा वाढवून किती जिंकावे? म्हणून पंतप्रधानाने मोगादिशूत आणि प्रत्येक घटक राज्याच्या मुख्य गावी जमिनीच्या तंट्यांसाठी एकेक तरी स्वच्छ न्यायालय उभे करावे. खुनाची भरपाई, चराऊ रानाचा वाद, यांत वडीलधाऱ्यांचा 'हेर' चालत असेल तर तो चालू द्यावा. निकालाची नोंद मात्र सरकारदप्तरी व्हावी.

याच संदर्भात आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मार्च २०१४ मध्ये सोमालियाने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार मान्य केले. संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क त्यांत आहे. आपल्या भारताने हे दोन करार अद्याप मान्य केलेले नाहीत. कागदावर त्यांनी आपल्याला मागे टाकले आहे. युनियन ही अशी जागा आहे, जिथे दारोद हमाल आणि हाविये हमाल कुळी न विचारता एका रांगेत बसू शकतात. पंतप्रधान शहाणा असेल तर तो तिला त्रास समजणार नाही.

आता कोणी म्हणेल, आधी शत्रू मोडा, मग पगार आणि न्यायालये पाहू. हा आक्षेप वजनदार आहे. पण आफ्रिकी संघाच्या फौजा २००७ पासून तिथे लढत आहेत. नावे बदलली, जवान बदलले, आणि गावे घेतली तशी पुन्हा सुटलीही. घेतलेल्या गावात दुसऱ्या दिवशी पोलीस, शिक्षक आणि न्यायाधीश गेला नाही तर ते गाव राहत नाही. लढाई आणि कारभार एकामागून एक करण्याची चैन त्या देशाला नाही.

शेवटी, हे सगळे कशासाठी? जून २०११ मध्ये कंपालाचा समझोता झाला, त्याच महिन्यात पंतप्रधान बदलला; आणि २० जुलै २०११ रोजी दक्षिण सोमालियात दुष्काळ जाहीर झाला. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे गेली, त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. खुर्चीच्या भांडणाने दुष्काळ आणला असे मी म्हणत नाही. पाऊस पडला नव्हता, लढाई चालू होती, अन्नाची मदत अडविली गेली होती. पण पावसाने दगा दिला म्हणजे माणसाला राज्याची गरज लागते, आणि त्या महिन्यांत राज्य आपल्याच खुर्च्या मोजीत बसले होते. पाऊस पुन्हाही दगा देईल. तेव्हा धान्याची मोटार गावापर्यंत सोडणारा शिपाई पगारी असेल की रस्त्यावर दोर बांधून बसलेला असेल, हे आज होणाऱ्या मंत्रिमंडळाच्या पहिल्या तीस दिवसांत ठरत असते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे: करार लिहून घ्यावा, खजिनदार पारखून घ्यावा, पगाराची तारीख पाळावी आणि एक तरी न्यायालय स्वच्छ ठेवावे. एवढे जो करील, तो कदाचित वीस महिन्यांतच जाईल. पण त्याच्यामागून येणाऱ्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.